कस्टम रिकव्हरी टिकत का नाही? रीबूटनंतर स्टॉक रिकव्हरी परत येण्याच्या समस्येचे निवारण

कस्टम रिकव्हरी फ्लॅश केली, म्हणजे फोनच्या साठ्यात लिहिली, की संगणकाच्या पडद्यावर 'ओके' आणि 'फिनिश्ड' हे शब्द उमटतात, फोन नेहमीसारखा सुरू होतो आणि काम फत्ते झाले असे वाटते. मात्र दोन दिवसांनी बॅकअप घेण्यासाठी रिकव्हरीत, म्हणजे मुख्य प्रणालीबाहेर चालणाऱ्या दुरुस्तीच्या भागात जावे, तर आपण बसवलेल्या टीडब्ल्यूआरपी या कस्टम रिकव्हरीच्या जागी आडवा पडलेला अँड्रॉइडचा रोबो, लाल त्रिकोणातले उद्गारचिन्ह आणि त्याखाली 'नो कमांड' एवढेच दिसते. रिकव्हरी पुन्हा फ्लॅश केली, तरी पुढच्या वेळी तोच रोबो हजर असतो. बहुतेक जण या टप्प्यावर इमेज फाइल बदलतात, केबल बदलतात, जुनी आवृत्ती शोधतात आणि तेच काम पाचव्यांदा करतात. फाइल किंवा केबल दोषी असण्याची शक्यता असते, पण 'ओके' असे उत्तर मिळाल्यानंतर ती फार कमी उरते. दोष बहुतेक वेळा फोनच्या रचनेविषयीच्या आपल्या समजुतीत असतो, कारण रिकव्हरी नेमकी कुठे राहते आणि तिच्यावर कोण नजर ठेवते हे अँड्रॉइडच्या आवृत्त्यांबरोबर अनेकदा बदलले आहे, आणि मार्गदर्शक सूचना मात्र एका काळच्या असून दुसऱ्या काळच्या फोनवर वापरल्या जातात.

पुढे येणाऱ्या कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि योग्य तेथे जोडरेषा देऊन लिहाव्या लागतात, हे लक्षात असू द्यावे.

आधी निदान

'रिकव्हरी टिकत नाही' या एका तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. पहिल्या प्रकारात रिकव्हरी योग्य जागी लिहिली जाते, पण फोनची मूळ प्रणाली सुरू होताना ती पुसून स्टॉक, म्हणजे उत्पादकाची मूळ रिकव्हरी परत लिहिते. दुसऱ्या प्रकारात आपण जेथे लिहिले ती जागाच चुकीची असते. तिसऱ्या प्रकारात जागा बरोबर असते, मजकूरही शाबूत असतो, पण बूटलोडर (फोन चालू होताना प्रणालीआधी चालणारा प्रोग्राम) त्यावर विश्वास ठेवत नाही आणि ती चालू देत नाही. तिन्हींचा उपाय वेगळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर फोन सुरूच न होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून आधी एक साधी चाचणी करावी.

रिकव्हरी फ्लॅश केल्यावर फोन प्रणालीत जाऊ देऊ नये. बूटलोडरच्या पडद्यावरूनच आवाजाच्या बटनांनी 'रिकव्हरी मोड' निवडावा, किंवा त्या फोनची बटनांची जोडी दाबून थेट रिकव्हरीत जावे. बूटलोडर आणि संगणकावरील साधने पुरेशी नवी असतील तर फास्टबूट या, संगणकावरून बूटलोडरला आज्ञा देणाऱ्या साधनाची 'फास्टबूट रीबूट रिकव्हरी' ही कमांडही चालते. या पहिल्याच प्रवेशात टीडब्ल्यूआरपी दिसली आणि नंतर कधीतरी नाहीशी झाली, तर तो पहिला प्रकार समजावा. पहिल्याच प्रवेशात स्टॉक रिकव्हरी दिसली, तर दुसरा. फोन रिकव्हरीत न जाता पुन्हा बूटलोडरवर आला, किंवा इमेज खराब असल्याचा अथवा पडताळणी अयशस्वी झाल्याचा संदेश दाखवू लागला, तर तिसरा. या चाचणीला एक मिनिटही लागत नाही. तरीही ती वगळून तास घालवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि एके काळी त्यांच्यात मीही होतो.

फ्लॅश करण्याची कमांडच नाकारली जात असेल, तर ते प्रकरण वेगळे आहे आणि त्याचा निकाल लवकर लागतो. बूटलोडर कुलूपबंद असल्याचा संदेश आला तर तो आधी अनलॉक करावा लागेल, आणि अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. 'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस' असे म्हणून टर्मिनल थांबून राहत असेल तर विंडोजमधला ड्रायव्हर, केबल किंवा यूएसबी पोर्ट तपासावा. रिकव्हरी नावाचे पार्टिशन (साठ्यातला स्वतंत्र विभाग) नसल्याचा संदेश आला तर मात्र तो नीट वाचावा, कारण बहुधा तो अक्षरशः खरा असतो. त्याविषयी पुढे येईलच.

प्रणाली स्वतःच रिकव्हरी पुसते तेव्हा

जुन्या रचनेच्या फोनांत, म्हणजे ज्यांत बूट आणि रिकव्हरी अशी दोन स्वतंत्र पार्टिशन्स आहेत आणि ए-बी स्लॉट (प्रणालीच्या दोन प्रतींच्या जागा, त्यांविषयी पुढे) नाहीत अशांत, हे सर्रास घडते. फोन सुरू होताना 'फ्लॅश-रिकव्हरी' नावाची एक सेवा चालते आणि ती 'इन्स्टॉल-रिकव्हरी' नावाची छोटी शेल स्क्रिप्ट चालवते. ही स्क्रिप्ट पूर्वी सिस्टम पार्टिशनमध्ये असे, नंतरच्या आवृत्त्यांत ती व्हेंडरमध्ये गेली. ती रिकव्हरी पार्टिशनमधल्या मजकुराचा शा-१ हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) काढते आणि आपल्याजवळच्या आकड्याशी ताडून पाहते. दोन्ही जुळले तर ती काही करत नाही. जुळले नाहीत तर स्टॉक रिकव्हरी नव्याने लिहून टाकते. टीडब्ल्यूआरपीचा हॅश जुळण्याचा प्रश्नच नसल्यामुळे पहिल्याच बूटमध्ये तिचा निकाल लागतो.

यात उत्पादकाचा खोडसाळपणा आहे असे अनेकांना वाटते, पण मूळ हेतू निराळा आहे. ओव्हर-द-एअर, म्हणजे इंटरनेटवरून येणारे अपडेट चालू असताना काम रिकव्हरीच करत असते. तेव्हाच तिच्यावरही लिहिले आणि मध्येच बॅटरी संपली, तर फोनकडे सावरायला काहीच उरत नाही. म्हणून आधी बाकीची प्रणाली अद्ययावत करायची, नवी प्रणाली व्यवस्थित सुरू झाली की तिने रिकव्हरी अद्ययावत करायची, असा क्रम ठरवला गेला. आपली टीडब्ल्यूआरपी या स्क्रिप्टच्या दृष्टीने 'जुनी राहून गेलेली रिकव्हरी' असते.

आता यातली खरी मेख. बूट आणि रिकव्हरी या दोन्ही इमेजमध्ये कर्नल (प्रणालीचा गाभा) बहुतेक सारखाच असतो. त्यामुळे जागा वाचवण्यासाठी संपूर्ण स्टॉक रिकव्हरी साठवून ठेवण्याऐवजी पुष्कळ फोनांत फक्त दोन्हींमधला फरक एका पॅच फाइलमध्ये साठवलेला असतो; या फाइलचे नाव 'रिकव्हरी-फ्रॉम-बूट' असे असते आणि तिचा प्रत्यय केवळ 'पी' हे एक अक्षर असते. स्क्रिप्ट बूट पार्टिशन वाचते, त्यावर हा पॅच लावते आणि त्यातून रिकव्हरी तयार करते. पॅच लावण्यापूर्वी बूटचाही हॅश तपासला जातो, आणि तो मूळ बूटशी जुळला नाही तर काम तेथेच थांबते. मॅजिस्क या साधनाने रूट केलेल्या, म्हणजे प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवलेल्या फोनवर कस्टम रिकव्हरी अनेकदा विनासायास का टिकते, याचे एक कारण यात आहे: मॅजिस्कने बूट इमेज बदललेली असते, त्यामुळे पॅच लागतच नाही. 'आधी रूट करा म्हणजे रिकव्हरी टिकेल' हा सल्ला कारण न सांगता दिला जातो, म्हणून तो काही फोनांवर लागू पडतो आणि काहींवर पडत नाही. काही उत्पादक पॅचऐवजी संपूर्ण रिकव्हरी इमेजच साठवून ठेवतात, आणि तेथे बूट बदललेले असले तरी स्टॉक रिकव्हरी परत लिहिली जाण्यात अडथळा येत नाही.

उपाय करताना क्रमच सर्वांत महत्त्वाचा आहे. फ्लॅश केल्यावर प्रणालीत न जाता थेट टीडब्ल्यूआरपीत जावे. पहिल्यांदा उघडताना ती सिस्टममध्ये बदल करू द्यायचे की ते केवळ वाचण्यापुरते ठेवायचे, असे विचारते. बदलांना संमती दिली तर तेथून रीबूट करताना ती स्वतःच पॅच फाइलचे नाव बदलून तिचा प्रत्यय 'बॅक' असा करते, आणि स्क्रिप्टला पुढे आपले काम करता येत नाही. 'कीप रीड ओन्ली' निवडले असेल, तर हे नाव बदलले जात नाही. टीडब्ल्यूआरपी दिसली, पण एका बूटनंतर गेली, या तक्रारीमागे ही एक निवड असू शकते.

मात्र संमती देण्याची किंमतही समजून घ्यावी. २०१४ मधल्या अँड्रॉइड ५.० पासून ओव्हर-द-एअर अपडेट फाइलनिहाय न होता ब्लॉकनिहाय होऊ लागले. त्यामुळे सिस्टममधला एकही ब्लॉक बदललेला असेल तर अपडेट नाकारले जाते. २०१६ च्या अँड्रॉइड ७.० पासून पडताळणीची सक्ती आणखी कडक झाली, आणि डीएम-व्हेरिटी (सिस्टममधला बदल पकडणारी तपासणी) चालू असलेल्या फोनवर सिस्टम बदलली की फोन सुरूच न होण्याचा धोका निर्माण झाला. म्हणून अशा फोनवर संमती दिल्यानंतर प्रणालीत जाण्यापूर्वी त्याच बैठकीत मॅजिस्क फ्लॅश करण्याचा प्रघात पडला, कारण बूट इमेजमधली व्हेरिटीची सूचना ते काढू शकते. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांत सिस्टम, व्हेंडर, प्रॉडक्ट ही पार्टिशन्स 'सुपर' नावाच्या एका मोठ्या पार्टिशनमध्ये गेली आणि ती पुष्कळदा लिहिता न येणाऱ्या स्वरूपातच असतात. तेथे फाइलचे नाव बदलण्याचा मार्ग खुंटतो, आणि बूट इमेज पॅच करणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

सॅमसंगच्या फोनांत फास्टबूटऐवजी डाउनलोड मोड आणि ओडिन हे संगणकावरचे फ्लॅशिंगचे साधन वापरले जाते. तेथे या समस्येचे मूळ एका टिकमार्कमध्ये सापडते: ओडिनच्या पर्यायांतला 'ऑटो रीबूट' मुळातच चालू असतो. फ्लॅश पूर्ण होताच फोन आपोआप प्रणालीत जातो, आणि आपण बटने दाबेपर्यंत स्टॉक रिकव्हरी परत आलेली असते. तो पर्याय बंद करावा, फ्लॅश झाल्यावर आवाज कमी करण्याचे बटन आणि पॉवर बटन दाबून धरून डाउनलोड मोडमधून बाहेर पडावे, आणि पडदा काळा होताच बोट आवाज वाढवण्याच्या बटनावर न्यावे. या क्षणी अर्ध्या सेकंदाचा उशीरही चालत नाही. चुकलेच तर पुन्हा फ्लॅश करण्यावाचून पर्याय नाही. काही नव्या सॅमसंग फोनांत बटनांनी रिकव्हरीत जाण्यासाठी फोन केबलने संगणकाला जोडलेला असणे आवश्यक असते, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण त्या अटीमुळे बटनेच बिघडली आहेत असा समज होतो. याच फोनांत अनधिकृत इमेज चालवताच नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा-व्यवस्थेचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो आणि कोणत्याही स्टॉक फर्मवेअरने तो पूर्ववत होत नाही, याची जाणीव फ्लॅश करण्यापूर्वी असलेली बरी.

एक वेगळे कारण कस्टम रॉम, म्हणजे मूळ प्रणालीऐवजी इतरांनी बनवलेली लिनिएजओएससारखी प्रणाली वापरणाऱ्यांसाठी. लिनिएजओएसच्या अपडेटरमध्ये रॉमबरोबर रिकव्हरीही अद्ययावत करण्याचा पर्याय असतो. ए-बी नसलेल्या फोनवर तो चालू राहिला असेल तर लिनिएजची स्वतःची रिकव्हरी टीडब्ल्यूआरपीच्या जागी येऊन बसते. अशा वेळी रोबो दिसत नाही, वेगळाच मेन्यू दिसतो. तो पर्याय बंद करून रिकव्हरी एकदाच पुन्हा लिहिली की प्रश्न मिटतो.

रिकव्हरीची जागाच चुकते तेव्हा

२०१६ मध्ये अँड्रॉइड ७ बरोबर ए-बी अपडेटची रचना आली आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पिक्सेल फोनांत ती प्रत्यक्ष वापरली गेली. या रचनेत प्रणालीच्या दोन प्रती असतात, स्लॉट 'ए' आणि स्लॉट 'बी'. फोन एका स्लॉटवर चालत असताना अपडेट पार्श्वभूमीत दुसऱ्या स्लॉटवर लिहिले जाते, आणि रीबूट झाल्यावर फोन त्या स्लॉटवर उडी मारतो. अपडेटचे काम चालू प्रणालीच करत असल्यामुळे वेगळ्या रिकव्हरी पार्टिशनची गरज उरली नाही, आणि पुष्कळ फोनांत रिकव्हरीचा रॅमडिस्क (सुरू होताना मेमरीत उतरणारा फाइलींचा संच) बूट इमेजच्या आतच ठेवला गेला. अशा फोनला 'रिकव्हरी' पार्टिशनवर लिहायला सांगणे म्हणजे नसलेल्या खोलीत सामान ठेवायला सांगणे आहे.

येथे एक धोकादायक पळवाट सुचवली जाते: रिकव्हरी नाही तर टीडब्ल्यूआरपीची इमेज 'बूट' वर फ्लॅश करावी. मी हे केले आहे. फोनने तक्रार न करता इमेज स्वीकारली आणि त्यानंतर तो प्रत्येक वेळी फक्त टीडब्ल्यूआरपीच उघडू लागला, कारण प्रणाली सुरू करणारा मूळ बूट मी स्वतःच्या हाताने पुसला होता. त्याच बिल्डची (प्रणालीच्या नेमक्या त्याच आवृत्तीची) स्टॉक बूट इमेज जवळ होती म्हणून दहा मिनिटांत सावरता आले. ती नसती तर संपूर्ण फर्मवेअर उतरवून घेण्याखेरीज गत्यंतर नव्हते.

योग्य रीत अशी. प्रथम 'फास्टबूट बूट' ही कमांड इमेजच्या नावासह द्यावी. 'फ्लॅश' नव्हे, 'बूट'. यामुळे टीडब्ल्यूआरपी कुठेही लिहिली न जाता केवळ मेमरीतून एकदा चालू होते. मग तिच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' मेन्यूतून 'इन्स्टॉल रिकव्हरी रॅमडिस्क' निवडावे, किंवा त्या फोनसाठी वेगळी इन्स्टॉलर झिप दिलेली असेल तर ती फ्लॅश करावी. या कृतीत मूळ बूट इमेज उघडून तिच्यातला रिकव्हरीचा भाग बदलला जातो आणि ती पुन्हा बांधली जाते, म्हणजे प्रणाली सुरू करणारा भाग शाबूत राहतो. फोन आधीच रूट केलेला असेल तर मॅजिस्क यानंतर पुन्हा फ्लॅश करावे लागते. उलट क्रमाने गेल्यास 'रिकव्हरी आली, पण रूट गेले' अशी नवी तक्रार घेऊन परत यावे लागते.

आपला फोन ए-बी रचनेचा आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नये. बूटलोडरमध्ये 'फास्टबूट गेटव्हार करंट-स्लॉट' ही कमांड द्यावी. उत्तरात 'ए' किंवा 'बी' आले तर स्लॉट आहेत. 'फास्टबूट गेटव्हार ऑल' दिल्यास बहुतेक फोनांत पार्टिशनांची संपूर्ण यादीच मिळते, आणि तिच्यात रिकव्हरीचे नाव आहे का, ते दोन प्रतींत आहे का, हे दिसते. ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण ए-बी असूनही स्वतंत्र रिकव्हरी पार्टिशन असलेले फोनही आहेत. ए-बी म्हणजे रिकव्हरी नाहीच, हे समीकरण सर्वत्र लागू नाही.

त्यानंतरच्या वर्षांत गोंधळ आणखी वाढला. सामायिक कर्नलच्या धोरणामुळे बूट इमेजमध्ये केवळ कर्नल आणि सर्वांना समान असा भाग ठेवायचे ठरले. अँड्रॉइड ११ च्या काळात 'व्हेंडर-बूट' हे पार्टिशन आले, आणि स्वतंत्र रिकव्हरी नसलेल्या नव्या फोनांत रिकव्हरीचा रॅमडिस्क तेथे जाऊन राहिला. अँड्रॉइड १३ सह बाजारात आलेल्या फोनांत 'इनिट-बूट' हे आणखी एक पार्टिशन आले, आणि मॅजिस्कसाठी पॅच करायची इमेज बूटऐवजी ती झाली. यातला 'सह बाजारात आलेल्या' हा भाग निसटू देऊ नये. अँड्रॉइड १२ सह विकला गेलेला फोन आज अँड्रॉइड १४ वर असला, तरी त्याची पार्टिशन-रचना जन्माच्या वेळचीच राहते. सेटिंग्जमध्ये दिसणारी आवृत्ती पाहून पार्टिशन ठरवणारे हमखास फसतात, आणि मग रूट केले तरी मॅजिस्क 'इन्स्टॉल झालेले नाही' असेच दाखवत राहते.

फोनचे विक्रीचे नाव आणि त्याचे सांकेतिक नाव यांतला फरकही याच सदरातला आहे. एकाच नावाने विकल्या गेलेल्या गॅलेक्सी फोनच्या एका आवृत्तीत एक्झिनॉस आणि दुसरीत स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असू शकतो. 'फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट' जे नाव सांगेल, नेमक्या त्याच नावाची इमेज घ्यावी.

अपडेटनंतर रिकव्हरी जाते, तेही ए-बी फोनवर याच कारणाने. अपडेटने काहीही पुसलेले नसते; फोन दुसऱ्या स्लॉटवर गेलेला असतो आणि त्या स्लॉटमधली बूट इमेज कोरी, म्हणजे स्टॉक असते. आपली टीडब्ल्यूआरपी जुन्या स्लॉटमध्ये तशीच बसलेली असते. ती परत मिळवण्यासाठी स्लॉट बदलण्याची कमांड देणारे लोक आहेत; त्याने रिकव्हरी दिसते खरी, पण तिच्याबरोबर जुनी प्रणालीही परत येते आणि नव्या प्रणालीने बदललेल्या डेटावर ती चालेलच याची खात्री नसते. हा मार्ग मी टाळतो. टीडब्ल्यूआरपीतून कस्टम रॉम फ्लॅश करतानाही रॉम दुसऱ्याच स्लॉटवर जाते. म्हणून झिप निवडताना दिसणारा, रॉमनंतर टीडब्ल्यूआरपी आपोआप पुन्हा बसवण्याचा पर्याय तेथे चालू ठेवावा, किंवा रॉम फ्लॅश झाल्यावर रीबूट करण्यापूर्वी 'फ्लॅश करंट टीडब्ल्यूआरपी' वापरावे.

बूटलोडर विश्वास ठेवत नाही तेव्हा

अँड्रॉइड ८ पासून 'व्हेरिफाइड बूट' ची दुसरी पिढी आली आणि तिच्याबरोबर 'व्हीबीमेटा' नावाचे छोटेसे पार्टिशन आले. त्यात बूट, रिकव्हरी इत्यादी पार्टिशनांचे हॅश किंवा त्यांची पडताळणी करणाऱ्या किल्ल्यांची माहिती असते, आणि त्या साऱ्यावर उत्पादकाची डिजिटल सही असते. बूटलोडर अनलॉक असेल तर फोन 'ऑरेंज' स्थितीत जातो, सुरुवातीला इशारा दाखवतो आणि पडताळणीतली चूक चालवून घेतो, असा मूळ संकेत आहे. पण सर्व उत्पादकांचे बूटलोडर इतके उदार नाहीत. काही अनलॉक अवस्थेतही व्हीबीमेटाशी न जुळणारी रिकव्हरी चालू देत नाहीत.

अशा वेळी फोनमध्ये सध्या असलेल्या बिल्डचीच स्टॉक व्हीबीमेटा इमेज घेऊन ती 'डिसेबल-व्हेरिटी' आणि 'डिसेबल-व्हेरिफिकेशन' हे दोन पर्याय जोडून फ्लॅश करावी. फास्टबूट हे करताना त्या इमेजमधले दोन ध्वज बदलते आणि पडताळणी बंद असल्याचे नोंदवते. दुसऱ्या फोनची किंवा 'रिकामी' म्हणून मिळणारी व्हीबीमेटा वापरण्याचा मोह टाळावा. काही फोनांत हा बदल झाल्यावर पूर्वीचा डेटा उघडत नाही आणि फॅक्टरी रीसेट अटळ ठरतो; म्हणून बॅकअप आधी, कमांड नंतर.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते: कस्टम रिकव्हरी किंवा पॅच केलेली बूट इमेज फोनमध्ये असताना बूटलोडर पुन्हा लॉक करू नये. इशाऱ्याचा पडदा नको म्हणून किंवा एखादे अ‍ॅप चालावे म्हणून हे केले जाते, आणि पुढच्याच क्षणी बूटलोडर सहीविना असलेली इमेज नाकारतो. त्यातच डेव्हलपर पर्यायांतले 'ओईएम अनलॉकिंग' बंद असेल तर पुन्हा अनलॉकही करता येत नाही. आधी सगळी पार्टिशन्स स्टॉक करावीत, फोन एकदा व्यवस्थित सुरू होतो हे पाहावे, मगच लॉकचा विचार करावा.

रिकव्हरी शाबूत आहे, पण बिघडल्यासारखी दिसते

टीडब्ल्यूआरपी उघडते, पण पासवर्ड मागते, किंवा अंतर्गत साठा शून्य एमबी दाखवते, आणि फोल्डरांची नावे अर्थहीन अक्षरांची दिसतात. हा दोष फ्लॅशिंगचा नाही. डेटा एन्क्रिप्ट केलेला आहे आणि ही रिकव्हरी तो उलगडू शकत नाही. अँड्रॉइड १० सह आलेल्या फोनांपासून फाइलनिहाय एन्क्रिप्शन सक्तीचे आहे, आणि ते उलगडण्याची सोय प्रत्येक फोनसाठी रिकव्हरीत वेगळी घालावी लागते. अँड्रॉइडची मोठी आवृत्ती चढवली आणि रिकव्हरी जुनीच राहिली, तरीही हेच होते. रिकव्हरी दहा वेळा लिहून येथे काहीच साधत नाही.

नवी रिकव्हरी उपलब्ध असेल तर ती घ्यावी. नसेल तर झिप फाइल अंतर्गत साठ्यात ठेवण्याचा हट्ट सोडून 'एडीबी साइडलोड' ने संगणकावरून द्यावी, किंवा मेमरी कार्ड अथवा ओटीजी पेन ड्राइव्हवरून घ्यावी. 'फॉरमॅट डेटा' आणि साधे 'वाइप' यांतला भेद येथे नीट जाणून घ्यावा: साधा फॅक्टरी रीसेट अंतर्गत साठ्यातले फोटो आणि फाइली तशाच ठेवतो आणि एन्क्रिप्शनही काढत नाही, 'येस' असे टाइप करून घ्यावा लागणारा 'फॉरमॅट डेटा' मात्र सर्व काही पुसतो.

कायमची कस्टम रिकव्हरी हवीच का?

माझे मत असे की जुन्या रचनेच्या फोनवर ती अवश्य ठेवावी, पण ए-बी रचनेच्या फोनवर हा हट्ट बहुतेकांनी सोडावा. तेथे रूट करण्यासाठी कस्टम रिकव्हरीची गरज उरलेली नाही. स्टॉक बूट किंवा इनिट-बूट इमेज मॅजिस्क अ‍ॅपमध्ये पॅच करून फास्टबूटने लिहिली की काम होते. टीडब्ल्यूआरपीची गरज वर्षातून दोनदा लागत असेल तर 'फास्टबूट बूट' ने ती तेवढ्यापुरती उघडता येते. ज्या फोनांच्या उत्पादकाने ती कमांडच बंद केली आहे, त्यांच्यासाठी मात्र हा सल्ला लागू नाही. स्टॉक रिकव्हरी जागेवर राहिल्याचा आणखी एक लाभ आहे: अँड्रॉइड १० नंतरच्या फोनांत 'फास्टबूट-डी' ही सोय रिकव्हरीच्या आतूनच चालते, आणि सुपरमधली पार्टिशन्स लिहायची तर तिच्याशिवाय चालत नाही. तिला आधार न देणारी कस्टम रिकव्हरी बसवली की स्टॉक फर्मवेअर परत चढवण्याचे एक दारही बंद होते. बँकेच्या अ‍ॅपांना अडवणारी प्ले इंटिग्रिटीची तपासणी अनलॉक बूटलोडर पाहते, त्यामुळे रिकव्हरी कोणतीही ठेवली तरी त्या बाबतीत फरक पडत नाही.

असा रूट केलेला, स्टॉक रिकव्हरीचा ए-बी फोन अद्ययावत करताना क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. मॅजिस्क अ‍ॅपमधून 'रिस्टोर इमेजेस' करून मूळ बूट परत आणावे, पण रीबूट करू नये. सेटिंग्जमधून अपडेट उतरवून बसू द्यावे, आणि ते रीबूटची परवानगी मागेल तेव्हाही ती देऊ नये. पुन्हा मॅजिस्क उघडून 'इन्स्टॉल टू इनअ‍ॅक्टिव्ह स्लॉट' निवडावे आणि त्यानंतरचा रीबूट मॅजिस्कच्या आतल्या बटनानेच करावा. फोन नव्या स्लॉटवर रूटसह सुरू झाला की नव्या बिल्डची स्टॉक बूट, इनिट-बूट आणि व्हीबीमेटा इमेज उत्पादकाच्या फर्मवेअरमधून काढून संगणकावर बिल्ड क्रमांकाच्या नावाने ठेवावी, आणि आधीच्या बिल्डच्या इमेज नव्या प्रणालीने आठवडाभर सुरळीत काम केल्यानंतरच काढून टाकाव्यात.